अप्पांच्या दगडावर लांडगा नको

"…आणि एका सकाळी थोरला मुलगा वेशीपाशी उभा राहिला. आईने त्याच्या हातात भाकरीचे गाठोडे दिले, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती हसली. लांडग्यांनी तिचा कळप नेला होता, तिचा धनी नेला होता. तिची हिंमत मात्र त्यांना नेता आली नव्हती."

हे शब्द एका चित्रपटातले आहेत. त्याचे नाव मी येथे घेणार नाही. ज्याला मी खोडून काढायला बसलो आहे त्याची जाहिरात माझ्या हातून का व्हावी? तो थोरला मुलगा म्हणजे मी. ती आई माझी. ज्याने हा चित्रपट काढला तो श्रीशैल हा साबण्णाचा नातू, आणि साबण्णा हा माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. माणूस संकटापुढे कसा ताठ उभा राहतो हे जगाला दाखवण्यासाठी आपण हा चित्रपट केला, असे श्रीशैल जेथे तेथे सांगतो. लोक तो पाहून रडतात. माझा धाकटा भाऊ भीमा, जो आजही मंठाळच्या पलीकडच्या आमच्या वस्तीवर राहतो, तोही रडला.

रडून थांबले असते तर मी लेखणी उचलली नसती. आता या दोघांनी मिळून अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, नावाने एक दगड उभा करायचे ठरवले आहे. आमच्या भागात लढून मेलेल्या माणसाचा दगड उभारण्याची चाल फार जुनी. शेताच्या बांधावर, देवळाच्या मागे असे दगड आजही शेंदूर खात उभे आहेत. पाथरवटाने अप्पांची आकृती घोटून तयार केली आहे. समोरची जागा मोकळी ठेवली आहे. तेथे झेप घेणारा लांडगा कोरायचा आहे, आणि थोरला मुलगा म्हणून माझा होकार हवा आहे. माझे उत्तर हे असे आहे. ते गावी राहिलेल्यांनी वाचावे, आणि माझ्यासारखे जे हैदराबादला, पुण्याला, सोलापूरला येऊन रुजले त्यांनीही वाचावे. कारण गाव सोडलेल्या माणसाच्या मागे त्याची गोष्ट कोण कशी सांगतो, यावर त्याचा ताबा राहत नाही.

प्रथम त्या निघण्याविषयी.

भाकरी नव्हती. हसणेही नव्हते. माझ्या मायने मला मेंढरांच्या काठीने झोडपत सडकेपर्यंत आणले. पहिला तडाखा पाठीवर बसला, दुसरा मानेवर, आणि तिसरा मी हाताने अडवला तेव्हा मनगट असे सुजले की हैदराबादेत पहिले कितीतरी दिवस मी डाव्या हाताने जेवलो. ती एकच वाक्य म्हणत होती : "लांडगं व्हते म्हण. म्हण, न्हाईतर चालता हो." मी म्हणालो नाही. तेव्हा तिने रस्त्याकडेचा धोंडा उचलला. हुमनाबादकडे निघालेला एक ट्रक थांबला होता, त्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून वाकून विचारले, "मायचं काय चोरलास रे?" मी मागच्या बाजूने चढलो. तिने हातातला धोंडा टाकला नाही. ट्रक वळेपर्यंत ती तो तसाच धरून उभी होती, मी पुन्हा उडी मारून उतरलो तर मारण्यासाठी. श्रीशैलच्या चित्रपटात या ठिकाणी बासरी वाजते.

हैदराबादेत मी एका चित्रपटगृहात लागलो. आधी झाडू, मग दारावर तिकिटे फाडणे, मग वरच्या केबिनीत ऑपरेटरच्या हाताखाली, मग स्वतः ऑपरेटर, आणि शेवटी व्यवस्थापक. अप्पांनी मला मराठी शाळेत अखेरपर्यंत शिकवले होते. मेंढरे राखणाऱ्याच्या घरात ही सोपी गोष्ट नव्हती, आणि या लेखातली भाषा ही त्यांचीच कमाई आहे. घरी मराठी, गल्लीत दक्खनी, सुनेशी तेलुगू, आणि रागावलो की कन्नड, अशी माझी जीभ आता चार खोल्यांत राहते.

चित्रपटगृह ही शांत जागा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी नव्या चित्रपटाचा पहिला दिवस पाहिलेला नाही. तिकीट खिडकीच्या लोखंडी गजांतून एकाच वेळी इतके हात आत शिरत की बाहेर येताना त्यांची सालटी निघत. काळ्या बाजारात तिकिटे विकणाऱ्या एकाने वस्तऱ्याने माझ्या कानापासून हनुवटीपर्यंत ओढलेली रेघ आजही दाढी करताना मला वळसा घालायला लावते. मीही त्याची दोन बोटे दारात चिरडली होती. त्याबद्दल मला खेद नाही. वर केबिनीत प्रोजेक्टरच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या जळत, त्यांचा धूर छातीत बसे, आणि समोरच्या चौकोनी भोकातून मी वर्षानुवर्षे एकच गोष्ट पाहत आलो : माणूस पडतो, मार खातो, रक्त ओकतो, आणि उठतो. उठला की खालून शिट्ट्या. पडद्यावर नाणी. जो उठला नाही त्याचा चित्रपट कोणी काढत नाही. हा नियम मला श्रीशैलच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे.

एकदा असाच एक चित्रपट आला. त्यात नायक एका डोंगरात लांडग्याशी झुंजतो. पहिल्याच खेळाला मी पाहिले, तो लांडगा नव्हता. करडा रंग फासलेले, शेपूट खाली बांधलेले पाळीव अल्सेशियन कुत्रे होते. नायकाच्या गळ्याशी झोंबताना त्याचे शेपूट दोरीतून सुटून हलत होते. मी प्रोजेक्टरच्या झोताआड पत्रा टाकला. पडदा काळा झाला. खालून आधी हुर्रे, मग शिव्या, मग खुर्च्यांचे लाकूड फुटल्याचा आवाज. माणसे जिन्याने वर आली. त्यांनी मला केबिनीबाहेर ओढले, आणि पायऱ्यांवरून तळापर्यंत लाथा घालत नेले. दोन बरगड्या गेल्या. संध्याकाळी मालक उशाशी येऊन बसला. म्हणाला, "क्यों रे, परदा कायकू बंद किया?" मी म्हणालो, "वो कुत्ता था." तो म्हणाला, "तो? टिकट तो शेर का लिया था क्या उनों?" माणूस विनोदी होता. त्याने मला कामावरून काढले नाही.

श्रीशैल मागच्या उन्हाळ्यात माझ्या घरी आला. उंच, गोरा, बोलायला गोड. आल्या आल्या पाया पडला. साबण्णाही असाच वाकत असे. त्याने आपला चित्रपट मला लॅपटॉपवर दाखवला. सून त्याला चहा देऊन दाराशी उभी राहिली. पडद्यावर रात्र होती. माझे अप्पा, म्हणजे अप्पांचा वेश घेतलेला कोणी तरणाबांड नट, हातात पेटता पलिता घेऊन लांडग्यांच्या कळपात उभे होते. लांडगे नेहमीचेच : अल्सेशियन.

मी विचारले, "रात्र कशाला केलीस? भर दुपारी झालं ते."

"आजोबा, उजेडात आग दिसत न्हाई."

"आग नव्हतीच."

"ते व्हय. पण लोकांना काय तरी दिसाय पायजे की. बगा, माणसावर संकट येतंय, माणूस हरत न्हाई, एवढंच मला सांगायचंय. कोण आलतं, काय आलतं, त्यात काय हाय आता?"

त्यातच सारे आहे, हे त्याला कळण्याचे वय झाले आहे. महापुराचे चित्रपट मी दाखवले, भूकंपाचे दाखवले, आजाराचे, वाळवंटाचे, बुडत्या जहाजाचे दाखवले. त्यांत माणूस फार सुंदर दिसतो. याचे कारण मला केबिनीतच उमगले होते. पुराला नातवंडे नसतात. लांडग्याला नातवंडे असली तरी ती खटला भरत नाहीत, रुसत नाहीत, आणि चित्रपटही काढत नाहीत. ज्या संकटाला हात, पाय, आडनाव आणि वारस असतात, त्या संकटापुढे ताठ उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी टाळ्या वाजवत नाही. त्याला सांगतात, आता उकरू नकोस.

म्हणून आता मी ती दुपार सांगतो.

दुष्काळ होता. आमचा तळ आळंद तालुक्यात, मादन हिप्परग्याच्या बाजूला एका ओढ्याशी पडला होता. ज्या गावाच्या शिवारात तो होता त्याचे नाव मी घेत नाही. त्या गावाचा यात दोष नाही. आमचे लोक उन्हाळ्यात मेंढरे घेऊन तिकडे जात आणि शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानात ती रात्री बसवत. मेंढरांच्या लेंड्यांनी जमीन पोसली जाते, त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. तेथल्या मोठ्या रानात वर्षानुवर्षे साबण्णाची मेंढरे बसत आली होती. त्या वर्षी रानाच्या मालकाने अप्पांना बोलावले, कारण साबण्णाचे गडी बांधावरची झाडे ओरबाडत. ओढ्यात एकच डोह शिल्लक होता आणि जो रानात बसेल त्याचा तो डोह. साबण्णा दोनदा आमच्या तळावर येऊन गेला. दुसऱ्या वेळी जाताना तो अप्पांना म्हणाला, "बिरप्पा, पाणी काय तुझ्या बापाचं न्हाई." अप्पा म्हणाले, "तुझ्या बी न्हाई. मेंढरांचं हाय." दोघेही हसले. मी तेथे होतो.

त्यानंतर एका सकाळी मी ज्वारी दळून आणायला मादन हिप्परग्याला गेलो. उन्हे कलताना परतलो. दुरूनच मला घारी दिसल्या.

मेंढरे डोहाच्या काठाने पडली होती. काही पाण्यात होती आणि पाण्याचा रंग मी सांगणार नाही. काहींची मान अर्धी तुटली होती, काहींची पोटे फाडली होती. एक मेंढी पुढच्या दोन पायांवर उभी राहण्याची धडपड करत होती आणि तिचे मागचे अंग हलत नव्हते. मी तिला माझ्या हाताने संपवले. आमचे कुत्रे खंड्या डोके फुटून तळाच्या तोंडाशी पडले होते. अप्पा पालथे होते. त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, पाचरीसारखी खोल खाच होती, आणि माय आपला पदर मुठीत कोंबून ती खाच दाबून धरत होती, जणू अजून काही बाहेर सांडायचे राहिले होते. भीमा बाभळीच्या झुडपात बसला होता. त्याने चड्डी ओली केली होती. लहान होता तो.

आणि साबण्णा आधीच आलेला होता. तो छाती बडवून घेत होता. एवढ्या मोठ्याने रडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. "लांडगं," तो म्हणत होता, "माझ्या भावाला लांडग्यांनी खाल्लं." त्याच्या गड्यांनी खड्डा खणायला सुरुवात केली होती.

मी कुऱ्हाड शोधू लागलो. मायने माझ्या मनातले ओळखले. ती अप्पांना सोडून उठली, मला पायात पाय घालून पाडले आणि माझ्या छातीवर बसली. तिचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते आणि ते तिने माझ्या तोंडावर दाबले. मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "लांडगंच व्हते. म्या बघितलं." तिने खरे काय पाहिले ते तिने आयुष्यात कधी उच्चारले नाही. पंचनामा झाला, त्यात तिचाच शब्द उतरला. अप्पांना तेथेच माती दिली. उरलेली मेंढरे साबण्णाने सांभाळायला म्हणून आपल्या कळपात घातली, आणि माझ्या मायला व भीमाला आपल्या पंखाखाली घेतले. चित्रपटात या जागी साबण्णाचे काम करणारा नट फार देखणा आहे.

येथे भीमा माझ्याशी भांडतो. टेलिफोनवर तो म्हणाला, "अण्णा, आता कामून उकरायलास? त्या माणसाच्या भाकरीवर मी वाढलो. माझं लगीन त्यानं लावलं. तू तर निघून गेलास."

"मला काढलं."

"काढलं तर काढलं. हितं मायच्या संगं मी ऱ्हायलो. मायच म्हणायची लांडगं म्हणून. माय खोटी का?"

"मायनं तुला जितं ठेवलं. तुझ्या भाकरीची किंमत तिनं तोंडानं चुकती केली."

"मंग तिचं तोंड आता तू फोडायलास व्हय?"

हा घाव त्याने बरोबर जागी घातला, हे मी मान्य करतो. माय जिवंत होती तोवर मी कोठेही, कोणापुढेही, लांडगे सोडून दुसरा शब्द काढला नाही. जो शब्द काढत नाही म्हणून मी मार खाल्ला, तोच मी तिच्यासाठी पुढे आयुष्यभर पाळला. आता ती नाही. भीमा तिच्या वाक्याला साक्ष समजतो. मी सांगतो, ती साक्ष नव्हती, हुकूम होता. दोन पोरे जगवण्यासाठी नवऱ्याच्या प्रेतापाशी बसून दिलेला. श्रीशैलला संकटापुढे न वाकलेली बाई हवी होती ना? ती येथे होती, त्याच्या आजोबासमोर, आणि तिला आपल्या नवऱ्याच्या मारेकऱ्याच्या चुलीवर भाकरी भाजावी लागली. ही हिंमत चित्रपटात मावली नाही. दगडावरही मावणार नाही. निदान तिच्या आड लांडगा तरी उभा करू नका.

ती एकदा हैदराबादला आली होती. मी तिला केबिनीत माझ्या स्टुलावर बसवले आणि भोकातून चित्रपट दाखवला. नायिकेला झाडाला बांधून मारतात, तिचे घर पेटवतात, ती एकटी मुले वाढवते. शेवटी मुलगा मोठा साहेब होतो आणि सगळे हार घालतात.  दिवे लागल्यावर मायने विचारले, "हिला मारलेल्यांचं पुढं काय झालं?" मी म्हणालो, ते सिनेमात नाही. ती म्हणाली, "मंग आपल्यावानीच हाय." आणि पायातल्या चपला शोधू लागली. मी तिच्याकडून आणखी एक शब्दही काढू शकलो नाही. यालाही मी पुरावा म्हणत नाही.

पुरावा कशाला म्हणावे याबाबत मी काटेकोर आहे, कारण समोरच्यांची उत्तरे मला पाठ आहेत. अप्पांच्या डोक्याची खाच? झुंजताना दगडावर पडले असतील, म्हणतात. खंड्याचे डोके? तेच. लांडगा एवढी मेंढरे एका वेळी मारत नाही? मारतो, हावरा लांडगा कळपात शिरला की खाण्यापुरते मारून थांबत नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि जो हे नाकारतो त्याने मेंढरे राखलेली नाहीत. भर दुपारी येत नाही? दुष्काळात येतो. साबण्णाचा तळ इतका दूर असताना तो माझ्या आधी कसा पोचला? घारी पाहिल्या, म्हणतात. ठीक. बोटांवर मोजलेले हे सगळे मुद्दे मी त्यांना परत देतो. एकावरही माझा भार नाही.

येथे हैदराबादेत आमच्या भागातून आलेल्यांचा एक मेळ आहे. रविवारी इराणी चहाच्या दुकानात जमतो. तेथे दुसरीच कथा चालते, आणि ती मला लांडग्यांइतकीच नापसंत आहे. ते म्हणतात, गावच्या शेतकऱ्यांनी मारले. मेंढरांनी पीक खाल्ले असेल. ही कथा त्यांना आवडते, कारण तिच्यात मारणारा परका राहतो आणि आपले सगळे लोक सोवळे राहतात. त्यांतल्या एकाशी मी हातघाईवर आलो. दोघांच्याही वयाला ते शोभले नाही, पण त्याचा चष्मा फुटला आणि माझे दोन दात हलले. मी त्याला विचारले ते येथेही विचारतो : दुष्काळात रानात पीक कोठे होते? आणि ज्याला आपल्या जमिनीसाठी लेंडीखत हवे आहे, ज्याने स्वतः बोलावून मेंढरे बसवून घेतली, तो ती का मारील? आपल्याच दुभत्या म्हशीला कोणी विष घालते काय? पण हाही तर्कच. तर्काला भीमा ऐकत नाही.

गाव सोडून आलेल्या माझ्या लोकांनो, तुम्ही गावाविषयी लिहिता तेव्हा चिंचेचे झाड, जत्रा, तव्यावरची कडक भाकरी असे लिहिता. मला ते लिहिता येत नाही. गाव म्हणजे माझ्यासाठी अशी जागा की जेथे तुमच्या माणसाला कोणी मारले हे सर्वांना ठाऊक असते, आणि तुम्ही समोरून आलात की सर्वजण पावसापाण्याविषयी बोलू लागतात. शहरात मला वस्तऱ्याने कापणारा माणूस मला नावाने ओळखत नव्हता. त्या कापण्याचा मला राग आहे, पण त्यात लाज नाही. गावचा घाव वेगळा. तो ज्याने घातला त्याच्याच दारात आपले बारसे, आपली लग्ने होतात. तरीही मला तेथेच मरायचे आहे, अप्पांच्या दगडापाशी. म्हणून त्या दगडावर काय कोरले जाते यावर माझे घर उभे आहे किंवा नाही, ते ठरणार आहे. लांडगा कोरलात, तर मी हैदराबादचा. भीमा, पाथरवटाला सांग, समोरची जागा मोकळी राहिली तरी चालेल. पण तेथे जे कोरायचे ते दोन पायांवर उभे असले पाहिजे आणि त्याच्या हातात कुऱ्हाड असली पाहिजे.

आता ती एक गोष्ट, जी मी मायच्या हुकुमाखातर इतकी वर्षे पोटात ठेवली. साबण्णाच्या गड्यांनी खणलेल्या खड्ड्यात मेलेली मेंढरे ओढून टाकायचे काम मीही केले. ते घाई करत होते. मी करत नव्हतो. आमच्यात मेंढीच्या फक्त डाव्या कानाला खूण असते. प्रत्येक घराची खाच निराळी, उजवा कान कोरा. रानात मेंढी मेली की गडी सुरी काढतो, तो डावा कान मुळापासून उतरवतो आणि धन्याला नेऊन दाखवतो. कान दाखवल्याशिवाय मेंढी मेली असे आमच्यात धरत नाहीत. विकून खाल्ली असे धरतात. लहानपणापासून हाताला लागलेली ही चाल आहे. समोर मेंढी मेली की मन काही ठरवण्याआधीच हात तिच्या डाव्या कानाकडे जातो. शेतकऱ्याला ही चाल ठाऊक नाही. लांडग्याला डावे-उजवे कळत नाही. आणि त्या दिवशी मायला किंवा मला कोणी एकही कान आणून दाखवला नाही.

त्या खड्ड्यात मी ओढलेल्या प्रत्येक मेंढीचा डावा कान सुरीने कापून नेलेला होता, आणि उजवा जागच्या जागी होता.